केरनला कळवलेला मुलगा

मला एक भाऊ आहे. तो कधी जन्मला नाही, त्याच्या बारशाला कुणी घुगऱ्या वाटल्या नाहीत, शाळेच्या पटावर त्याचं नाव चढलं नाही; पण पलटणीच्या कागदावर तो आहे आणि मी नाही. पंच्याऐंशी वर्षं मी त्याच्या मागून चालते आहे. आता गुडघे गेले, तरी त्याचा पिच्छा काही सुटलेला नाही.

परवा कोगनोळीकडच्या आमच्या गावातून फोन आला. बोलणारा माझ्या चुलतभावाचा नातू, ग्रामपंचायतीत नुकताच निवडून आलेला, अंगात उत्साह मावत नाही असा. गावातून लढाईवर जाऊन जे परत आले नाहीत, त्यांच्यासाठी शाळेच्या आवारात एक दगड उभा करायचा ठरला आहे. वर कन्नड, खाली मराठी.

‘‘आज्जी, तुमच्या वडलांचंबी नाव घातलंय. वाचून दावतो. चूक असली तर सांगा, दगड कोरायला द्यायचाय.’’

त्यानं वाचलं. केरनच्या लढाईत धारातीर्थी पडले. मागे पत्नी व एक मुलगा.

‘‘मग मी कोण रं?’’ मी विचारलं.

तो गडबडला. ‘‘आज्जी, पलटणीच्या कागदावर तसंच हाय की. मी काय मनानं लिवलं न्हाय.’’

खरं होतं त्याचं. त्यानं मनानं लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, थांब, दोन दिवसांनी सांगते, आणि फोन ठेवला. घरात बोलायला कुणी नाही. बेळगावात कॅम्पाच्या बाजूला माझं दोन खोल्यांचं घर आहे. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगी पुण्याला असते. रविवारी तिचा फोन येतो. जेवलीस का, विचारते. जेवले म्हणून सांगते. कधी जेवलेली असते, कधी नसते. सकाळी रस्त्यावरून भरतीची पोरं पळत जातात, एका तालात पाय आपटत. त्यांच्याकडे बघत चहा प्यायचा, ही माझी दिवसातली सगळ्यात गर्दीची वेळ.

केरन आफ्रिकेत आहे, एरिट्रिया नावाच्या देशात. एकोणीसशे एक्केचाळीस सालच्या मार्चमध्ये तिथल्या डोंगरांवर इटलीची फौज बसलेली होती, आणि खालून इंग्रजांच्या पलटणीतली आमच्याकडची माणसं चढत होती. तो डोंगर पडला आणि पुढचा रस्ता मोकळा झाला, तिथली लढाई त्या डोंगरावरच फिरली, असं जाणकार सांगतात. आम्ही त्यातलं एवढंच कमावलं की माझे वडील परत आले नाहीत. ते बोटीत बसले तेव्हा मी आईच्या पोटात होते. दिवाळी झाली आणि मी जन्मले.

आता पत्राची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं त्यातच आहे.

आमच्या गावात एक नियम होता. तो कुणी केला कुणास ठाऊक, पण पाळायचे सगळे. पलटणीत गेलेल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. तो तिकडे बंदूक धरून बसलेला, त्याचं मन कशाला दुखवा. त्यामुळे पत्रांतून आमचं गाव कायम सुखात असायचं. बैल मेला, तरी पत्रात त्याची जोडी जोरात. विहिरीनं तळ गाठला, तरी पत्रात ती तुडुंब. एका घरची म्हातारी वारली, तर दोन वर्षं पत्रात ती भावाकडं राहायला गेलेली. तिचा लेक सुट्टीवर आला आणि तसाच मामाकडं आईला आणायला गेला. यावर गाव हसत असे, आणि पुढच्या पत्रात पुन्हा तेच करत असे.

मी जन्मले तेव्हा माझ्या आज्ज्यानं हाच नियम लावला. मुलगी झाली ही त्याच्या हिशेबी बैल मेल्याच्या जातीची बातमी होती. आज्जा वाईट माणूस नव्हता. मला खांद्यावर घेऊन तंबाखूच्या रानात फिरवायचा, माझ्यासाठी खिशात शेंगा ठेवायचा. पण त्या दिवशी तो पत्र लिहून घ्यायला मास्तरांकडे गेला आणि म्हणाला, ‘‘लिवा, मुलगा झाला.’’

मास्तर जैन होते, निपाणीकडचे. सूर्य बुडाल्यावर पाण्याचा घोटही न घेणारे आणि खोटं न बोलणारे. अडचण अशी की गावात लिहिता येणारे तेच, आणि गाव तर पत्रातून नुसतं खोटंच बोलणार. त्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला होता. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ते ‘वडील सांगतात की’ असं लिहीत. वडील सांगतात की जोडी जोरात आहे. वडील सांगतात की विहीर तुडुंब आहे. सांगणाऱ्याचं पाप सांगणाऱ्याला. तसंच त्यांनी लिहिलं, वडील सांगतात की मुलगा झाला, बाळ-बाळंतीण खुशाल आहेत. आई आत बाळंतिणीच्या खोलीत होती. मी तिच्या कुशीत होते. आज्ज्यानं घरी येऊन ओसरीवर हे मोठ्यानं सांगितलं, ते तिनं ऐकलं आणि ती काही बोलली नाही. काय बोलणार? वीस वर्षांची पोर.

पत्र गेलं. पुढच्या उन्हाळ्यात तार आली.

हे सगळं मला पुढं तुकड्या-तुकड्यानं कळलं. पहिला तुकडा मात्र मी स्वतः ऐकला, सहा वर्षांची असताना. लढाई संपून माणसं घरी येत होती. एक दिवस एक शिपाई आमच्या अंगणात आला. उंच, काळा, एका पायानं जरा लंगडत. जांबोटीकडच्या डोंगरातला होता. माझ्या वडिलांच्या शेजारी झोपणारा, त्यांच्या शेजारी जेवणारा. त्यानं आज्ज्याच्या पायांवर डोकं ठेवलं, डोळे पुसले, आणि पिशवीतून एक टोपी काढली. सुदानातल्या कुठल्याशा बाजारातली, गोल, लाल-निळ्या दोऱ्यानं भरलेली.

‘‘पोरासाठी घेतलती त्येनं,’’ तो म्हणाला. ‘‘कुठाय पोरगा?’’

मी खांबाला धरून उभी होते. आई दाराआड होती. आज्ज्यानं टोपीकडे बघितलं. खरं सांगायला तो एक क्षण पुरेसा होता. पण मेलेल्या लेकाशी आपण खोटं बोललो, हे त्याच्या सोबत्यापुढं कबूल करायचं त्याला जमलं नाही.

‘‘ऱ्हायला न्हाय रं,’’ आज्जा म्हणाला. ‘‘पोरगा ऱ्हायला न्हाय.’’

शिपायानं माझ्याकडे पाहिलं. ‘‘मग ही?’’

‘‘ही माझ्या लेकीची.’’

असं म्हणाला माझा आज्जा. माझ्या देखत. मला राग नाही आला. सहा वर्षांच्या पोरीला इतका मोठा राग झेपत नाही. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं असणार. शिपायानं टोपी परत पिशवीत घातली. गेलेल्या लेकराचं कापड घरात ठेवू नये म्हणतात. चहा झाला, तो निघाला. बांधापर्यंत मी त्याच्या मागं गेले. त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘‘तुझा मामा लई चांगला व्हता गं.’’

मामा! बापाचा सोबती मला बापाविषयी मामा म्हणून सांगत होता, आणि मी मान डोलावली.

त्या दिवसापासून आज्जा माझ्याशी नीट बोलला नाही. म्हणजे शेंगा आणायचा, पण हातात देताना दुसरीकडे बघायचा. दोन वर्षांनी तो गेला. त्याला बिचाऱ्याला एकच भीती होती, की तो शिपाई पुन्हा येईल. तो आला नाही. पण पेन्शनचे कागद आले. वडिलांनी मुलगा झाल्याची नोंद पलटणीत स्वतः करून घेतली होती, आणि त्या नोंदीपायी आईला बेळगावला जे हेलपाटे घालावे लागले, ते सांगत बसले तर दुसरं पुस्तक होईल. दर वेळी कुणीतरी विचारायचं, ‘‘मुलगा कुठे आहे?’’ आई मला पुढं करायची.

मी शिकले, प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. नोकरीच्या कागदावर वारसाचा तक्ता भरताना, वर्गात गणितातली मुलामुलींची उदाहरणं घालताना हा भाऊ मध्येच येऊन उभा राहायचा. खरं सांगते, मला त्याचा मत्सर वाटायचा. वडील त्या डोंगरावर चढताना ज्याला मनात घेऊन चढले, तो तो होता. मी नव्हते. एखाद्याचे वडील लहानपणी जातात, ते समजता येतं. पण माझ्या वडिलांच्या जगात मी कधी नव्हतेच. या एका गोष्टीनं मला आयुष्यभर एकटं केलं. लग्नात, बाळंतपणात, यजमानांच्या शेजारी बसलेली असतानासुद्धा. यजमान म्हणायचे, ‘‘सोडून दे, इतकी माणसं आहेत तुझी.’’ होती. पण हे त्यांना देता येण्यासारखं नव्हतं.

जांबोटीला जाऊन त्या शिपायाला खरं सांगावं, असं मला हजारदा वाटलं. आईनं शपथ घातली होती. ‘‘मी हाय तोवर जायचं न्हाय. मामंजींचं नाक कापल्यागत हुतंय.’’ आज्जा मरून पन्नास वर्षं झाली तरी ती त्याचं नाक जपत होती. मी नोकरीतून निवृत्त झाले त्याच वर्षी आई गेली. तिचे दिवस झाले आणि पुढच्या आठवड्यात मी जांबोटीची गाडी धरली.

गाडी दिवसाला दोनच. उतरल्यावर आणखी तासभर चालले, भाताच्या खाचरांच्या कडेनं, चिखल तुडवत. एका पोरीनं घर दाखवलं. म्हातारा ओसरीवर घोंगडीवर बसला होता. ऐंशीचा असेल. एका डोळ्यानं दिसत नव्हतं, दुसऱ्यानं जेमतेम. मी माझ्या गावाचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. त्यानं माझा हात शोधून धरला.

‘‘तू कोण त्येची?’’

‘‘मुलगी.’’

‘‘त्येला पोरगी न्हवती. पोरगा हुता. गेला त्यो.’’

‘‘पोरगा नव्हता अण्णा,’’ मी म्हटलं. ‘‘मीच होते. तुम्ही टोपी घेऊन आलता, तवा खांबाला धरून उभी होते ती मीच.’’

त्यानं जरा बरा डोळा माझ्या तोंडाजवळ आणून पाहिलं. मग त्यानं विचारलं, ‘‘मग पत्रात?’’

मी सगळं सांगितलं. तिकडे पत्रं तोच वडिलांना वाचून दाखवायचा. माझ्या वडिलांना अक्षर येत नव्हतं. मास्तरांच्या ‘वडील सांगतात की’ची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

‘‘व्हय की गं! हुतं तसं. मी गाळायचो. दर ओळीला त्येच त्येच, म्हटलं ह्यो मास्तर काय याडा हाय काय. म्या आपलं धडाधड वाचायचो. मुलगा झाला, खुशाल हाय.’’

दोघंही हसलो. हसता हसता तो रडायला लागला. मी त्याच्या घोंगडीवर बसून राहिले. सुनेनं चहा आणला. मग त्यानं न विचारता डोंगराचं सांगितलं.

डोंगर कसला, नुसता उभा दगड आणि काटेरी झुडपं. उन्हानं दगड तापलेले, हात लावला की पोळायचा. खेचरं चढेनात, मग पाणी आणि गोळे माणसांनी पाठीवर वाहिले. वर इटलीवाले. ते वरून लाल रंगाचे हातगोळे खाली टाकायचे. ‘‘पोरांच्या खेळन्यागत दिसायचं, लाल लाल. बघत ऱ्हावंसं वाटायचं, आन् तेवढ्यात फुटायचं.’’ पाण्याचे डबे पाठीवर बांधून हे दोघं बरोबर चढायचे. पाण्याचा घोट घ्यायची मनाई, ते वरच्यांसाठी. पाठीवर पाणी डचमळतंय आणि जीभ टाळूला चिकटलेली.

‘‘शेवटच्या दिशी दोघं एका दगडाच्या आडाला बसलतो,’’ तो म्हणाला. ‘‘म्या त्येला म्हटलं, गड्या, तुझं बरं हाय, पोरगा झालाय. मागं नाव ऱ्हाईल. तर त्यो काय म्हनला म्हाईत हाय?’’

मला माहीत असणं शक्यच नव्हतं.

‘‘म्हनला, पोरगा झाला म्हंजे ह्येबी हितंच येनार. त्येलाबी कोन तरी असंच डोंगरावर चढवनार. पोरगी झाली असती तर बरं झालं असतं. घरात ऱ्हायली असती.’’

ओसरीवर कोंबड्या फिरत होत्या. सून आत भाकऱ्या थापत होती.

‘‘तसा हिरमुसला आन् तसाच उठला,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘वर गेला. डोंगर घेतला आमी त्या दिशी. त्यो न्हवता तवा.’’

मी आयुष्यात अनेकदा रडले आहे, पण तशी कधीच नाही. वडिलांना आनंद व्हावा म्हणून खोटं लिहिलं होतं. आज्ज्यानं त्यासाठी मला नाकारलं, आई पन्नास वर्षं गप्प राहिली. आणि तो आनंद त्यांना झालाच नव्हता. त्यांना हवी होती ती बातमी घरात पाळण्यात झोपलेली होती, आणि ती कुणी कळवली नाही. एक ओळ. मास्तरांच्या हातची एक खरी ओळ. ती गेली असती, तर ते त्या दगडाआडून जरा बऱ्या मनानं उठले असते. एवढंच. लढाई तीच राहिली असती, डोंगर तोच.

निघताना मी टोपीचं विचारलं. ‘‘माझ्या थोरल्या पोरीच्या डोक्यावर घातली,’’ तो म्हणाला. ‘‘तिनं चार दिसांत दोरे उसकटले.’’ मला बरं वाटलं. निदान एका मुलीनं तरी ती घातली. परतीची गाडी हुकली आणि मी त्या रात्री त्यांच्याकडेच राहिले. पुढच्या पावसाळ्यात तो गेल्याचं कळलं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. यजमानांना थोडं, मुलीला नाहीच. आता सांगते आहे, कारण दगडाचं आलं.

दोन दिवसांनी मी गावाकडच्या पोराला फोन केला आणि म्हटलं, मुलगा खोड, मुलगी लिही. तो म्हणाला, ‘‘आज्जी, कागदावर...’’ मी म्हटलं, ‘‘कागदाला मी बघून घेते. कागदापेक्षा मी थोरली हाय.’’ शिक्षिकेचा आवाज अजून लागतो कधीकधी. तो हो म्हणाला.

दगड बसवला त्या दिवशी मी गेले नाही. भाषणं, हार, माईकची कुरकुर, आणि वीरकन्या म्हणून मला खुर्चीत बसवतील, नको वाटलं. पुढच्या आठवड्यात एकटीच गेले. बेळगावहून निपाणी, तिथून कोगनोळीच्या नाक्यापर्यंत, आणि पुढं त्या पोराच्या मोटरसायकलवर मागं बसून. त्याला म्हटलं, तू जरा बाहेर थांब. रविवार होता, शाळा बंद. आवारात कुणी नव्हतं. पाच नावं आहेत दगडावर. वडिलांचं तिसरं. मी बोटं फिरवून पाहिली. अक्षरं खोल कोरलेली आहेत, धारदार, अजून त्यांत धूळ बसलेली नाही.

त्यांना हाक काय मारायची, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. चुलतभाऊ आपल्या वडिलांना आप्पा म्हणायचे, म्हणून मीही मनातल्या मनात तेच म्हणत आले. मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं. आणि मग लक्षात आलं की त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांना आलेलं पत्र कुणीतरी वाचून दाखवावं लागायचं. ज्यानं दाखवलं त्यानं चुकीचं दाखवलं, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता.

मी चष्मा पुसला. नाव वाचलं, गाव वाचलं, केरन वाचलं. मागे पत्नी व एक मुलगी. सगळं सावकाश वाचलं, मधलं काही गाळलं नाही.

‘‘आप्पा,’’ मी म्हटलं, ‘‘पोरगी झालीया. घरातच हाय.’’